अपेक्षित

मरोळला, पाइपलाइनच्या गल्लीत,
आमच्या तराजूच्या खोलीत पंखा नाही.
दोनशे ग्रॅमचं वजन चिमट्यानं उचलायचं,
हात लागला तर बोटाचं तेल चिकटतं
आणि ते तेवढ्यानं खोटं होतं.
एकोणीस वर्षं मी हेच करते.
झवेरी बाजारची, ससून डॉकची, रेशन दुकानांची वजनं
खरी आहेत का पाहते,
नसली तर किती खोटी, ते लिहून देते.
खाली सही.

मंगळवारी अकरा चाळीसला फोन आला.
वाटलं, क्रेडिट कार्ड.
"मॅम, मी ग्रीष्मा. तुमचं प्रोफाइल पाहिलं."
माझं प्रोफाइल!
सहा वर्षांपूर्वी भाच्यानं बनवून दिलेलं,
फोटो त्याच्याच साखरपुड्यातला,
कापलेल्या कडेला अजून नणंदेचा खांदा.
ती इतकं गोड बोलली
की मी वॉशरूममध्ये जाऊन कडी लावली.

महाप्याला मोठी औषधकंपनी. नाव आत्ता सांगता येत नाही.
म्हणजे स्थळ उत्तम,
मुलाचं नाव मागाहून.

"करंट किती, मॅम?"
सांगितलं.
पलीकडे जरा शांत झालं,
आपल्या ताटात डोकावून
पाहुणा काही बोलत नाही, तसं.
"बरं. आणि एक्स्पेक्टेड?"

दहावीला अपेक्षित प्रश्नांची वही केली होती,
निळ्या शाईत, उत्तरांसकट.
त्यातला एकही आला नाही.
तेव्हापासून हा शब्द
मला कुणी विचारलेला नाही.
सासूबाईंनी सांगितला पुष्कळदा.
विचारला, असं नाही.

"शुक्रवारपर्यंत कळवा, मॅम."

लुईस म्हणाला, वेडी आहेस का, आधी त्यांचा आकडा काढून घे.
श्रीरंग म्हणाला, तुझं तू ठरव,
आणि लगेच मोबाइलवर
महाप्याची बस शोधत बसला.
बेहरामसरांना मी काही सांगितलं नाही.
अण्णा केईएममध्ये होते तेव्हा
जिन्याखाली छत्री टेकून उभे होते ते, हातात पाकीट.
पगारातून कधी कापलं नाही,
त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.
बोलले असते तर
आज सोपं गेलं असतं.

बुधवारी पन्नास ग्रॅमचं वजन
मी उघड्या हातानं उचललं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
सरांनी दारातून पाहिलं.
"डीकरी, पुसून ठेव. एक रात राहू दे. मग तोल."
एवढंच, आणि आपला कप विसळायला गेले.

गुरुवारी रात्री लिहायला बसले.
आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे, परंतु.
परंतुच्या पुढे काही सुचेना.
मग नुसतं हो लिहिलं.
ते फार उघडंवाघडं दिसत होतं, पुसलं.
मग आकडा लिहिला.
एक शून्य खोडलं. पुन्हा लावलं.
मिलिग्रॅमचा शंभरावा भाग वाचणारी मी,
माझा आकडा काही केल्या स्थिर होईना.
समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईनं
टीव्ही बंद केला, तेव्हा दीड वाजला असेल.

सकाळी वजन तोललं. बरोबर होतं.
म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं,
किंवा बिघडलं असेल ते
पुसलं गेलं होतं.

डबा उघडायच्या आधी, उभ्यानंच, पाठवलं:
ग्रीष्मा, आकडा नंतर सांगते.
आधी एक विचारून घ्या.
त्यांच्या तराजूच्या खोलीला
खिडकी आहे का?
असू नये, मला माहीत आहे.
उन्हानं रीडिंग हलतं.
तरी विचारा.