दगडामागचं बटण

हिवाळी हंगामापुरता किल्ला उभा राहिला रास अल खैमात,
खाडीच्या काठाला, भाड्याच्या वाळूवर.
बुरूज प्लायवूडचे, तटबंदी फायबरची,
तिच्यावर शेवाळ रंगवलेलं.
इथल्या पोरांनी शेवाळ पाहिलेलं नाही,
ती नखांनी खरवडून बघायची.

थंड देशातल्या कुठल्याशा जुन्या राजाची गोष्ट.
त्याच्या दरबारात गोल मेज,
बाणकोटच्या परकारने रंधा मारलेलं,
कुणी वर नाही, कुणी खाली नाही;
फक्त पगाराच्या दिवशी कळायचं
कोण कुठे बसतो ते.

राजा अलेक्झांड्रियाचा, दाढी घामाने सुटायची.
राणी सेबूची.
घोड्यावरचे वीर चौघे,
त्यांतला एक घोड्याला भ्यायचा.

आणि मधोमध दगड.
दगडात तलवार.
दगडाच्या पोटात लोहचुंबक,
आणि भिंतीमागे दीड हात रुंद फटीत
स्टुलावर मी, कणकवलीच्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन.
बटण दाबलं की चुंबक मरतं,
तलवार निघते, तुतारी वाजते,
कागदी मुकुट डोक्यावर.
तीन महिन्यांत मी दोनशे चाळीस राजे केले.

सुपरवायझर सांगायचा, सोनेरी पट्टीवालं मनगट बघ.
सोनेरी म्हणजे महागडं तिकीट.
मी भोकातून मनगटं बघायचो.
कधी कधी घाम डोळ्यांत जायचा
आणि पट्टीचा रंग नीट दिसायचा नाही.

लाइट गेली असती तर कुणीही राजा झाला असता.
पण इथे लाइट जात नाही.

एका रात्री सगळे पांगल्यावर मफिज आला,
बादली, फडकं. दगड पुसला. मूठ पुसली.
इकडेतिकडे पाहिलं
आणि दोन्ही हातांनी ओढली.
मी अजून फटीतच होतो, डबा बांधत.
अंगठा आपोआप बटणावर गेला.

निघाली.
पुरती निघाली.
मफिजने ती धरली
दुसऱ्याच्या घरातली काचेची बरणी धरावी तशी,
आणि लगेच, अगदी लगेच,
परत खोचली जागच्या जागी.
मग फडकं घेऊन
मुठीवरचे आपले ठसे पुसले.
दोनदा.

मी त्याला कधी काही बोललो नाही.
चुंबक बंद कुणी केलं हे त्याने कधी विचारलं नाही.

हंगाम संपायच्या आदल्या रात्री
मी परकारला फटीत बसवलं.
बटणापासून तलवारीपर्यंत अकरा पावलं,
एकट्या माणसाला ती पुरत नाहीत.
म्हटलं, मी ओढतो, तू दाब.
मूठ गार होती, दमट हवेने ओली.
पाय रोवले. ओढली.
हलली नाही.
परत ओढली, दात आवळून.
"दाबलंस काय रे?"
भिंतीतून आवाज आला,
"दाबलंय. मघापासून दाबूनच बसलोय."

खारी हवा, गंज धरला असणार, परकार म्हणाला.
रिले अडकला असणार, मी म्हणालो.
रात्रभर उघडून बघितलं, काही अडकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा खेळ.
अजमानहून आलेली एक पोरगी,
पुढचे दोन दात पडलेले,
मनगटावर साधी निळी पट्टी,
एका हातात वितळणारं आइस्क्रीम.
दुसऱ्या हाताने तिने ओढली
आणि तलवार निघाली.

तेव्हा माझा अंगठा कुठे होता
ते मी परकारलाही सांगितलेलं नाही.