किरकोळ

सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला,
आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ
नुसती मिचकावत राहिली.

बारा वर्षं फैजपूरच्या या टपरीएवढ्या दुकानात
मी लोकांची लग्नं टाईप केली,
लोकांचे दशक्रियाविधी, विहिरीचे अर्ज,
एका बाईचं सोडचिठ्ठीचं संमतीपत्र तर तीनदा,
कारण खाली कुठलं आडनाव लावायचं ते तिचं ठरेना.
ते सगळं गेलं तरी चालेल.
पण आत ‘किरकोळ’ नावाचं एक फोल्डर आहे.
फोल्डरला नाव देताना माणूस खरं बोलत नाही.

सुभान तडवीनं चार स्क्रू काढले,
डिस्क कानाशी धरली, टरबूज घेताना धरतात तशी.
“टकटक करू ऱ्हायली, ताई.
घर शाबूत आहे, आतला माणूस दार उघडेना.
बाहेर शेहेचाळीस, हिच्या अंगात साठ.
गार असेल तोवर बोलेल.”

मग दोन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून
शेजारच्या कुल्फीवाल्याच्या फ्रीजरमध्ये
मलई आणि पिस्त्याच्या मधोमध
माझं किरकोळ ठेवलं.
एका पोरानं बोट दाखवून विचारलं, ही केवढ्याला?

पहिली फेरी. रुमालानं दव पुसलं, वायर जोडली.
“आधी काय काढू? पटकन सांगा.”
आणि मी म्हटलं, जीएसटीचे हिशेब.
खरंच म्हटलं.
अकरा मिनिटं हिशेब निघत राहिले, मग टकटक,
मग परत फ्रीजर,
मग मी कुल्फी खाल्ली, नको असताना.

दुसऱ्या फेरीत फोटो आले.
मनुदेवीच्या धबधब्यापाशी दादा आणि मी,
वाटणीच्या आधीचे, ओल्या केसांचे,
एकाच टॉवेलवरून भांडणारे.
त्याच्या मागे मला लिहून न पाठवलेलं एक पत्र आलं.
सुभाननं उघडलं तर डॉलरची खूण, कंस,
उलटे स्वल्पविराम, मध्येच एक टोपी.
“फॉन्ट जुना आहे. या मशीनला वाचता येनार नाही.”
मला बरं वाटलं. त्याच्यासमोर वाचायचं नव्हतंच.

तिसऱ्या फेरीत बापूंचा आवाज.
केळीचे घड ट्रकमध्ये चढताना केलेलं रेकॉर्डिंग.
आधी ट्रकचं इंजिन, मग कुणाचा तरी खोकला, मग
लाभ, दोन, तीन…
“तुमच्यात लाभ,” सुभान म्हणाला, “आमच्यात बरकत.
एक कोनीच म्हनत नाही.”
दोघं त्या निळ्या पट्टीकडे बघत बसलो,
पापण्या हलल्या तर ती थांबेल अशा भीतीनं.
अर्ध्याच्या जरा पुढे ती थांबली.
चौथी फेरी झालीच नाही. डिस्क गार होती,
पण गारच राहिली.

त्यानं पैसे घेतले दोनशे. पेनड्राइव्हचे वेगळे.

झटका आल्यापासून बापू तोंडानं मोजत नाहीत.
रात्री खाटेशी बसून ऐकवलं.
पंधरा, सोळा, सतरा, आणि आवाज तुटला.
पंखा फिरत होता. मी बंद करायला हात पुढे केला
तेवढ्यात बापूंनी
पुढचं बोट मुडपलं.

मग उशिरा मी ते पत्र उघडलं.
त्या खुणांच्या खडीत पहिल्याच ओळीत
दोन चिन्हांची एक जोडी,
आणि लगेच, जागा न सोडता, पुन्हा तीच जोडी.
एवढं मला फॉन्टशिवाय वाचता येतं.
दादा.
पुढचं आठवत नाही. रागाचं होतं एवढं आठवतं.

फॉन्टची सीडी त्याच्याकडेच आहे, भुसावळला,
वाटणीत चुकून तिकडच्या खोक्यात गेलेली.
उद्या फोन करून
फक्त सीडी मागायची आहे.