दिवसपाळी

भांडं तिमक्कानं पाठवलं. वायर आखूड,
म्हणून शिलाई मशीनवर बसवलं.
सकाळी सातला आत डुकराचं मटण,
संत्र्याचा रस, जिरं, ब्याडगी, लसूण.
"मेक्सिकोचे टाको, अण्णा. सात ते तीन,
तुमच्या गिरणीसारखं."

अण्णा हसले नाहीत.
भोंगा थांबल्यापासून आठ तास
कुणी त्यांच्याकडे मागितलेच नव्हते.
खुर्ची ओढून झाकणासमोर बसले.

अकराला वास जिना उतरला.
खालच्या गड्डमबाई: "आज काय गं?"
मी "बोकड" म्हणणार, तोवर अण्णाच ओरडले,
"डुक्कर! या तीनला."

मक्याच्या पोळ्या फाटल्या.
कडक भाकरी दुमडायला गेले, ती मोडली.
मग तुकड्यांवरच वाढलं, वर कांदा, लिंबू.

तीन वाजून दहा.
अण्णा घास उचलेनात,
कान जिन्यात,
चपलांच्या आवाजाकडे.