चाळीस अक्षरं

रात्री अकराला टॉफ्टिरचं लिलावघर रिकामं असतं.
खाली बर्फाच्या पेट्या, वर मी,
आणि कोपऱ्यात ते जुनं यंत्र, ज्याच्या पोटात
उद्याच्या बोली मोहोरबंद पडून राहतात
सकाळी सहापर्यंत.
कॉड कुणी कितीला मागितला
ते शेजारच्याला कळता कामा नये.
एकदा कळलं होतं. त्या आठवड्यापासून
दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

जुन्या लायब्ररीला भोक पडलंय.
येन्स म्हणाला, नवी आयती बांधलेली मिळते, सगळे तीच घेतात.
मी मासाही कापलेला घेत नाही.
कल्ले उघडून बघते.

सोर्स माझ्या लॅपटॉपवर उतरवलं,
सोबत सहीची चिमूटभर फाईल.
सही जुळली. म्हणजे एवढंच, की
ज्या किल्लीने केली ती हीच किल्ली.
किल्ली कुणाची, ते किल्ली सांगत नाही.

म्हणून होग्नीला फोन. निवृत्त रेडिओवाला.
बारा वर्षांपूर्वी बर्गनला
लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईला तो समोरासमोर भेटला,
तिचा पासपोर्ट पाहिला,
किल्लीचा ठसा स्वतःच्या हाताने उतरवून घेतला.
तो कागद अजून पाकिटात आहे, घडीवर फाटलेला.

चाळीस अक्षरं. शून्य ते नऊ, मग ए ते एफ.
फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात,
म्हणून होग्नी बोटींची नावं घेतो:
आल्मा, बिरिता, सेसिलिया,
डागनी, एल्स्पा, फ्रीडा.
"तीन. सात. आल्मा. फ्रीडा. शून्य. डागनी."
मी पडद्यावर बोट सरकवत जाते.
"आहे. आहे. आहे."
डागनी आली की तो जरा थांबतो.
पाच वेळा आली.
पाचही वेळा मी तेवढंच म्हटलं,
"आहे."

मग ते यंत्रावर नेलं, साध्या खात्यातून बांधायला घेतलं.
रूटचा पासवर्ड बांधताना लागत नाही,
आणि लागत नाही तिथे तो आठवूही नये.
कुजके सायफर आधीच वगळले.
चाळीस मिनिटं पंखा घरघरत होता.
मध्येच एक इशारा: ही फाईल भविष्यातली आहे.
पुन्हा तोच, पुन्हा तोच.
यंत्रं म्हातारी झाली की कुरकुरतात, मी लक्ष दिलं नाही.

चाचण्या. एकामागून एक पास,
आणि मग एक नापास:
प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही.

कॉफी गार झाली तेव्हा सुचलं,
यंत्राला तारीख विचारावी.
एक जानेवारी, दोन हजार.
गुरुवारी वीज गेली होती, आतली बॅटरी मेलेली,
तेव्हापासून ते तिथेच जाऊन बसलंय.

डागनी दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत गेली.
यंत्राच्या लेखी ती खाली धक्क्याला होती,
दोरखंड ओला, आणि होग्नीचा भाऊ
डेकवर उभा राहून कुणाला तरी शिव्या देत.

आजची तारीख टाइप केली.
एन्टर दाबायला किती वेळ घेतला
ते मी येन्सला सांगणार नाही.

पुन्हा सगळं पुसून बांधलं. सगळ्या चाचण्या पास.
आता कुठे रूट, तेही तीन मिनिटं.
वेगळी डिरेक्टरी, लिहायचा हक्क कुणालाच नाही, मलाही नाही.
लिलावाच्या प्रोग्रामला विचारलं,
कुणाकडून उचलतोस?
जुनीकडूनच. सवय.
वाट बदलून दिली, परत सुरू केला, परत विचारलं.
नवीकडून.
रूटमधून बाहेर पडले.

पावणेसहाला होग्नीचा मेसेज:
"शेवटचं अक्षर नीट ऐकलंस ना? बी की डी?"
"बिरिता," मी लिहिलं.

खाली पेट्या ओढल्याचा आवाज सुरू झाला.
दुपारी बॅटरी आणायची आहे.
नाण्याएवढी असते.