फुल लॉक

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगाराच्या शेडपुढं
जमिनीवर एक डाग आहे.
लालसर होता, आता काळा.
माझ्या जुन्या पिकअपनं बारा वर्षं
थेंब थेंब टाकून तो काढलाय.
नवी त्याच्यावरच उभी करतो मी, सवयीनं.
खाली काही पडत नाही.

जुनीचं असं होतं :
चावी मारली की पट्टा एकदा किंचाळायचा,
मग पंप तेल ढकलायला लागायचा
आणि स्टिअरिंग हातात यायचं,
हलकं नव्हे, जड नव्हे,
काहिलीत पाक घट्ट होताना
गुळव्याच्या मनगटाला लागतो, तेवढं.
खड्डा आधी तळव्याला कळायचा,
डोळ्याला नंतर.

मार्केट यार्डात रवे भरायला मागं घेताना
टोकापर्यंत पिळलं, की रडायची.
दस्तगीर अशा वेळी कुठनं उगवायचा कोण जाणे :
"सोड, सोड. टोकाला नेऊन धरू नगंस.
तेल तापतंय.
टोकाला गेलं की वाईच मागं यायचं."
बायकोशी भांडताना हे मला दोनदा आठवलं.
एकदा उपयोगी पडलं.

नवी घेतली तेव्हा शोरूमचा पोरगा म्हणाला,
"काका, आता तेल नाही, पट्टा नाही, सगळं मोटरवर.
एका बोटानं वळवा."
वळवलं. वळलं.
मला त्या बोटाची लाज वाटली.

पहिल्याच खेपेला
बालिंग्याचा पूल आला आणि गेला,
सांधा हाताला लागलाच नाही.
कळे गेलं, साळवण गेलं,
रस्ता आपला काचेपलीकडं,
टीव्हीवर दुसऱ्याचं लग्न चालल्यासारखा.
हिचं काय खरं नाही, असं मी
आसळजच्या टपरीवर चार लोकांत बोललो.

त्याच रात्री, करूळ घाटात,
मागं दीड टन गूळ, पुढं धुकं,
दोन वाजून गेलेले.
इंजिन गप्प झालं.
खोकलं नाही, हिसका नाही. गप्प.

जुनीनं एकदा हेच केलं होतं.
इंजिन मेलं की पंप मेला,
पंप मेला की चाक म्हणजे जात्याची तळी.
तेव्हा खांद्यानं, गुडघ्यानं, दातांनी वळवली होती.
उजवा खांदा त्या वळणावरच राहिला,
शर्ट घालताना अजून भेटत नाही.

आता ब्रेकची दोनच दाबं शिल्लक,
समोर पांढऱ्यात डावं वळण.
मी सगळं अंग आवळून चाकावर पडलो
आणि ते वळलं.
इतकं सहज, की मीच जास्त वळवलं,
डोंगराच्या गटारात चाक घातलं.
इंजिन मेल्याचं
स्टिअरिंगला कुणी कळवलंच नव्हतं.
बॅटरीवर ते आपलं हजर.

उजाडेस्तोवर केबिनमध्ये बसून होतो.
हात थरथरत होते.
म्हटलं, चला,
थरथर तरी कुठनं आली.

दस्तगीरला सांगितलं.
त्यानं गूळ किती होता ते आधी विचारलं.
मग, "बिघडलं तर आवाज करतंय का हे?"
"न्हाई. दिवा लागतो."
"दिवा," तो म्हणाला,
आणि फडक्यानं हात पुसत राहिला,
हात कोरडेच असताना.
आत त्याचा मुबारक
गाडीला लॅपटॉप जोडून बसला होता.

जुनी मी कागलच्या रंगराव पोवाराला दिली.
परवा गोकुळ शिरगावच्या फाट्यावर
पुढंच दिसली, विटांचा लोड,
चिंचोळ्या जागेत यू टर्न मारत होती.
फुल लॉक.
तोच आवाज, रडका, वर वर चढणारा.
रंगराव काही सोडेना.

मी मागं उभा, न्यूट्रलमध्ये.
बघतो तर
माझ्याच हातांनी
माझं चाक
वाईच मागं घेतलं होतं.