डावा पाय

नाशिकरोडला सकाळी प्रेसचा भोंगा व्हायचा
आणि वडील नोटा छापायला निघायचे,
मी सायकलच्या दांडीवर, शाळेच्या फाटकापर्यंत.
घरात नोटांविषयी बोलायचं नाही ही त्यांची शिस्त.
माझी फी मात्र दर टर्मला
शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी.

सिस्टर लुसिना मंगळूरकडच्या.
त्यांच्या जिभेला आमचा ‘ख’ पेलत नसे.
हजेरीत मी पेकळे. खिडकी म्हणजे किडकी.
आम्ही हसायचो, त्यांना कळायचं,
त्याही जराशा हसून
काटकोन त्रिकोणाकडे वळायच्या.

मंगळवारी चौथ्या तासाला
नववी ब मधोमध दुभंगायची.
फिलोमिना डाबरे, ब्लेझ, पगारे बहिणी
वह्या घेऊन चॅपलकडे,
उरलेले आम्ही मूल्यशिक्षणाला:
खरे बोलावे, नखे कापावीत, नळ बंद करावा.
तिकडे काय शिकवतात गं, मी विचारायचे.
फिलोमिना म्हणायची, तेच. फक्त गुडघ्यांवर.

बँडचा मोठा ढोल माझ्याकडे आला
तो खांदे रुंद म्हणून.
आई म्हणाली, मुलीच्या गळ्यात ढोल?
वडील म्हणाले, असू दे,
या घरात कुणीतरी आवाज करू दे.
आढाव सर देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त,
एका कानाने ऐकायचे, दोन्ही कानांना पुरेल इतकं ओरडायचे:
ढोल पडला की डावा पाय!
ढोल चुकला तर शाळा लंगडते!

मग ती भूमितीची चाचणी.
तास संपला की लगेच सराव,
म्हणून बँडचा निळा पट्टा अंगावरच होता,
आणि पट्ट्याच्या अस्तरावर, बॉलपेनने, प्रमेय.
पंचविसात तेवीस.
फिलोमिनाला एकोणीस,
जिने मला तेच प्रमेय तीनदा समजावलं होतं
चिंचेखाली, स्वतःचा डबा न उघडता.
सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या,
डाबरे, जरा या पेकळेकडून शीक.
फिलोमिनाने माझ्याकडे पाहिलं नाही.
पट्ट्याकडे पाहिलं.

दुपारच्या सुट्टीत चॅपल मोकळं.
मेणाचा वास, पंखे बंद,
आणि कोपऱ्यात ते कबुलीचं लाकडी कपाट.
बूट बाहेर काढले, देवळात काढतात तसे,
आत शिरले, जाळीला तोंड लावलं,
सांगून टाकलं: तेवीस, पट्टा, डाबरे.

जाळीपलीकडे कुणीतरी खोकलं.
फादर जेवायला गेलेत, बाई.
पीटरकाकांचा आवाज. हातात फडकं असणार,
पॉलिशचा वास आला.
मी फक्त लाकूड पुसतोय,
माफी द्यायचा मला अधिकार नाही. चारला ये.
थोडा वेळ नुसतं घासल्याचा आवाज.
मग म्हणाले, पण ती डाबरे
याच वर्गात असेल ना?
मग चारची कशाला वाट बघतेस.
आणि बूट आत घे. कुत्रं नेतंय.

क्रीडादिनाच्या आदली संध्याकाळ.
मैदानावर चुन्याच्या रेघा अजून ओल्या,
द्राक्षाच्या दिवसांतली थंडी, बोटं लाकडासारखी.
फिलोमिना झांजा घेऊन माझ्या उजवीकडे.
नुसतं सांगायला धीर होईना,
म्हणून ठोक्यांच्या मधे एकेक शब्द ठेवत गेले.
चाचणीत
धम्
पट्ट्यावर
धम्
मी

तिने झांजा छातीशी मिटल्या.
माहीत आहे, म्हणाली, समोर बघत.
तुझा डावा पाय चुकतोय.

मागे वळून पाहिलं तर खरंच,
पांढरे बूट, लाल-पिवळे-हिरवे हाऊस,
झेंडा धरलेला ब्लेझ,
अख्खी शाळा
लंगडत येत होती माझ्या मागून.