पातूरचं अर्धं तिकीट

बेत मांडलाय वेबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर.
एक गठ्ठा डेपोत परत करायचा राहून गेला,
आता कोणी मागतही नाही.

वर लिहिलं: अचलपूर, सकाळी सव्वासहा.
दुल्हा दरवाजापाशी रफियाबी उभी राहील,
कापडी पिशवी, पिशवीत गुडघ्याचं तेल.
तिची अट एकच,
शेळी व्यायच्या आत परत यायचं.
शेळीला तारीख विचारली, ती पाला खात राहिली.

रेल्वेचाही विचार झाला, म्हणजे तिनंच केला.
"लहान गाडीनं जाऊ ना, मूर्तिजापूरवरून."
मी तिला स्टेशनावर नेऊन दाखवलं:
रुळांमध्ये कमरेएवढा तरोटा,
तिकीटखिडकीखाली कुत्री आणि पाच पिल्लं.
बराच वेळ बघून ती म्हणाली,
"म्हणजे लेट हाय."

भाचा म्हणतो, "मावशी, गाडी करून देतो,
तीन घंट्यात पातूर. कायले येष्टीच्या भानगडीत पडता?"
त्याला काय सांगू?
अठ्ठावीस वर्षं वाशिम गाडीवर होते.
रस्ता पाठ आहे खरा,
पण पाठीनं पाठ आहे.
गाडी पुढं जायची,
मी मागं तोंड करून सुटे मोजायची.
पथ्रोट म्हणजे वळण, ट्रेमधली नाणी एका अंगाला.
अंजनगाव म्हणजे पानपिंपळीचा तिखट वास
आणि पोत्याच्या लगेजवरून भांडण.
अकोट म्हणजे पाचशेची नोट.
पूर्णेच्या पुलावर सगळे गप्प, मग खिडकीतून कोणीतरी
नदीत नाणं टाकणार,
आणि माझ्याकडं सुट्यांची बोंब.

पातूरला मिनिटभर थांबा.
पातूर, पातूर, पातूरवाले उतरा.
एकदा एक पाथरवट उतरला,
गावोगाव जात्या-पाट्यांना टाकी लावणारा.
पायरीवरच अडून म्हणाला,
"बाई, थ्या टेकडीत लेणी हाये. अर्धीच सोडली.
पायजा एखांद्या दिवशी,
छिन्नीचे घाव काल मारल्यासारखे हायेत."
मी डबल बेल दिली.

मालेगाव येईपर्यंत डोक्यात तेच.
कोण उठून गेलं असेल?
पाणी प्यायला? मजुरी थकली म्हणून?
की घरून निरोप आला, आणि खांद्यावरचा हात
तसाच दगडातून काढून घेतला त्यानं?
त्या दिवशी दोन तिकिटं चुकीची फाडली.
पगारातून कापली गेली.

तर असं:
अकोल्याला मुक्काम, रफियाबीच्या नणंदेकडं.
कळण्याच्या भाकरी, जवसाची चटणी,
कांदा तिथं मिळेल.
टॉर्च. आत वटवाघळं असतील तर ती बाहेर थांबणार,
नसली तरी थांबणार, असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.
मला अर्धं तिकीट, तिला पंचाहत्तर झाली म्हणून फुकट.
"शून्याचं का असंना," ती म्हणते,
"पण तिकीट हातात पाहिजे.
नाहीतर मी गेली होती हे कोणाला खरं वाटन?"

खिडकीची जागा माझी.
हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं.
वाशिम गाडीत मी कधी बसलेच नव्हते,
टेकले होते.

पातूरसमोरचा रकाना कोरा आहे.
तिथं किती वेळ लागतो ते मला माहीत नाही,
मला फक्त एक मिनिट माहीत आहे.

काल रात्री उशिरा कडी वाजली.
रफियाबी, हाताला ओल, पदराला गवत.
"व्यायली. दोन पाठी.
एक उभी राहून नाही रायली अजून."
आम्ही तिच्या गोठ्यात कंदील धरून बसलो.
पहाटे ती लहानी उठली, पडली, उठली.
"चरायले लागू दे," ती म्हणाली, "मंग जाऊ."

घरी येऊन वेबिल काढलं.
तारीख खोडली.
सव्वासहा तसंच ठेवलं.